सातवी तळटीप

आई: '...उभ्याने काम करणाऱ्या कामगारांच्या शारीरिक थकव्याचे, कंसात, पाहा तक्ता दोन, कंस पूर्ण, बहुआयामी...' बहुआयामी म्हणजे काय गं?

लेक: आई, कंस नको वाचूस! पटपट वाच. किती वाजले?

आई: चार वाजून दहा. मघाशी विचारलंस तेव्हा चार वाजून सहा झाले होते.

लेक: उद्या अकराला तोंडी परीक्षा, आणि आपण अजून तिसऱ्या पानावर! जरा मोठ्याने वाच, आवाज लांबून येतोय.

आई: उजेड इकडे खिडकीपाशी आहे. आणि पट्टीला हात लावू नकोस. शुक्रवारपर्यंत दोन्ही डोळे बंद, डॉक्टरांनी बजावलंय.

लेक: खाजतंय.

आई: खाजू दे. लेन्स घालून झोपायचं आणि मग खाजतंय म्हणून ओरडायचं.

लेक: वाच ना! एक शब्द गाळू नकोस. मी पाठ करत जाते.

आई: मागच्या खेपेला हाच लेख पाठ केला होतास ना? मग नापास का केलं?

लेक: आत्ता कशाला ते उकरून काढतेस?

आई: मी रजा टाकून घरी बसलेय. मला कळू तरी दे.

लेक: बाईंनी विचारलं, 'लेखकाचं म्हणणं तुम्हाला पटतं का?' मी लेखकाचं म्हणणं सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच. मग म्हणाल्या, 'हा लेख मी वाचलाय, तुमचं काय ते सांगा.' मी तिसऱ्यांदाही लेखकाचंच सांगितलं! शेजारचे परीक्षक चक्क हसले गं. यंदाही असं झालं तर वर्ष गेलं.

आई: बरं, बरं, रडू नकोस, डोळ्यांत पाणी नको. पिवळं केलंयस तेवढंच वाचू का? अगं पण... हे तर सगळंच पिवळं आहे.

लेक: महत्त्वाचं तेवढं रंगवलंय.

आई: मग बिनमहत्त्वाचं कुठे गेलं? भिंत रंगवावी तशी पानं रंगवलीस. दहाव्या पानानंतर एकदम कोरं. तिथे पेन संपलं की तू?

लेक: मी.

आई: मी बाटल्यांची लेबलं कशी तपासते, सांगू?

लेक: हे औषधाचं लेबल नाहीये, आई!

आई: ऐकशील तर. पट्ट्यावरून मिनिटाला चाळीस बाटल्या जातात. सगळं वाचत बसले तर बाटल्या फरशीवर. आधी नाव बघायचं, मग तारीख, आणि मग आत खरंच तेच आहे का ते. हा माणूस शेवटी काय विकतोय, ते आधी बघूया.

लेक: शेवट आधी? बरं, बघ बाई. 'निष्कर्ष' असं लिहिलेलं शोध.

(पानं उलटल्याचा आवाज.)

आई: 'दहापैकी आठ कामगारांना गंभीर थकवा जाणवत नाही.' हा माणूस जन्मात कधी आठ तास उभा राहिलाय का?

लेक: दोनशे जणांना विचारून काढलाय तो आकडा.

आई: आमच्या खात्यात ये म्हणावं. जेवणाची घंटा झाली की बायका आधी चपला काढून फरशीवर पाय पसरतात, डबे मागाहून उघडतात.

लेक: हो, पण परीक्षेत 'आमच्या आईचे पाय दुखतात' म्हणून कसं चालेल? लेखातलंच काहीतरी दाखवावं लागतं.

आई: मग त्या दोनशे जणांना कुठे नि कसं विचारलं, ते लिहिलंय का त्याने?

लेक: 'अभ्यासपद्धती'त असेल. आठव्या पानावर.

आई: सापडलं. पिवळंच आहे. 'प्रत्येक कामगाराची वीस मिनिटे मुलाखत घेण्यात आली.' वर बारीक सात काढलाय.

लेक: तळटीप आहे, पानाच्या खाली. सोड ती.

आई: बारीक अक्षर सोडायचं नाही, कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं आम्हाला. ही बघ, हिला तुझा रंग लागलेला नाही. 'मुलाखती पर्यवेक्षकांच्या कक्षात, त्यांच्या उपस्थितीत झाल्या.' पर्यवेक्षक म्हणजे मुकादमच ना?

लेक: हो.

आई: अगं बाई! मुकादमाला शेजारी बसवून विचारलं, दमता का? कोण हो म्हणेल? मीसुद्धा नाही म्हटलंय.

लेक: तू? कधी?

आई: दोघं आले होते एकदा, वह्या घेऊन. मुकादम तिथेच, पाय हलवत बसलेला. मी म्हटलं, छे, सवय आहे. घरी येऊन पाय पाण्यात सोडून बसले. बादली तूच आणून दिलीस.

लेक: थांब. थांब, थांब! परत वाच ती टीप.

आई: 'मुलाखती पर्यवेक्षकांच्या कक्षात, त्यांच्या उपस्थितीत झाल्या.'

लेक: म्हणजे थकवा नाही, हे यातून ठरतच नाही! थकवा कुणी बोलून दाखवला नाही, एवढंच ठरतं. अख्खं पान रंगवलं मी, आई. आणि हे तिथेच खाली होतं! पण... छापून आलेल्या माणसाला मी कोण चूक म्हणणार?

आई: चूक म्हणू नकोस. नुसतं विचार, मुकादमाला बाहेर काढून विचारलं असतंत तर?

लेक: मुकादमाला बाहेर काढून विचारलं असतं तर... हे मला येईल. हे पाठ करावं लागणार नाही. चल, पुढचं वाच. आई? तू अजून खिडकीपाशीच आहेस?

आई: हो. उजेड आहे ना इथे.

लेक: म्हणजे मघापासून उभी? दमली नाहीस?

आई: छे, सवय आहे.

लेक: आई, इथे मुकादम नाहीये.

आई: ...दुखतात गं. फार दुखतात. सरक जरा, बसू दे मला.