लिंबावरच्या दोघी बहिणी

मंडळी, नमस्कार. माईक धरायची मला सवय नाही. आवाज कापला तर सांभाळून घ्या.

आपल्या देसाईबाई गेल्या. वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या, झोपेतच गेल्या. वाईट वाटतं. पण खरं सांगू? सुटल्या बाई, असंही वाटतं. सानपाड्यातल्या किती पोरांना त्यांनी विज्ञान शिकवलं. आमच्या घरात मात्र त्यांनी माझ्या सासूबाईंना शिकवलं.

चार वर्षांपूर्वी माझी धाकटी झाली तेव्हाची गोष्ट. थोरली सावळी, बापाच्या वळणावर. धाकटी गोरी, डोळे घारे. सासूबाई बाळंतपणाला साताऱ्याहून आलेल्या. पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही कुणावर गेली म्हणायची?" बारसं पुढं ढकललं. कानात नाव सांगायला आत्या येईना. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटातून यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मी कुणाला काय सांगणार होते?

बाई आमच्या शेजारीच राहायच्या, त्यांच्या ते लक्षात आलं. आधी त्यांनी गंधकाचे खडे आणून दाखवले. काही सुयांसारखे, काही ठोकळ्यांसारखे. म्हणाल्या, गंधक एकच, रूपं दोन. सासूबाई म्हणाल्या, "दगडाला आय असती व्हय?"

बाई हटल्या नाहीत. त्यांच्या गॅलरीत कुंडीतलं लिंबू होतं. एक काळं फुलपाखरू त्यावर अंडी घालत होतं, ते त्यांनी सासूबाईंना बोलावून दाखवलं. मग फांदीला मच्छरदाणी बांधली. अळ्या निघाल्यावर पाला घालायचं काम सासूबाईंकडंच दिलं. नातीला हात न लावणारी आजी अळ्यांना रोज विचारायची, खाल्लं का गं?

एका सकाळी कोशांतून दोन फुलपाखरं बाहेर आली, दोन्ही माद्या. एक काळी, पांढऱ्या पट्ट्याची. दुसरीच्या पंखांवर लाल ठिपके. सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

बाई एवढंच म्हणाल्या, "आजी, आई एकच. पाला तुम्हीच घातलात."

सासूबाई उठल्या, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या आणि लेकीला म्हणाल्या, "ये बाय. पोरीचं नाव ठिवायचं ऱ्हायलंय." आमचे हे पाळण्यापाशी बसले आणि रडले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मंडळी, तो परत कधी चढला नाही.

बाई, ते लिंबू आता आमच्या गॅलरीत आहे. त्याच्यावरच्या अळ्या आम्ही झाडत नाही. तुम्हाला माझा नमस्कार.

आता दोन मिनिटं उभं राहून शांत राहू या. सासूबाई, तुम्ही उठू नका. धाकटी मांडीवर झोपलीय तुमच्या.