कपिल मांढरे यास कोणी उठवले याबाबत

मी शोभना दिनकर खराडे, वय ५४ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी दवाखान्यात आया, आता काही नाही, मूळ राहणार हडपसर, पुणे. सध्या मुक्काम मुलगा उत्कर्ष याच्या घरी, वाल्डॉर्फ, जर्मनी. आज शुक्रवार दि. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे. दुभाषी लतिकाबाई मी बोलते तसे मराठीत लिहून घेत आहेत, नंतर त्याचे जर्मन करणार आहेत. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे.

समोर बसलेल्या साहेबांनी मला तीन वेळा सांगितले की स्वतःच्या अंगावर येईल असे काही सांगायची सक्ती नाही, आणि मुलाच्या विरुद्ध जाईल असेही सांगायची सक्ती नाही. मला पहिल्या वेळीच समजले. मला उशीर होतो आहे, घरी बाळाला अंघोळ घालायची आहे. लिहा.

मी सून ईप्सिता हिच्या बाळंतपणासाठी २० जुलैला आले. मुलगी झाली. कपिल मांढरे हा माझ्या मुलाच्या ऑफिसातला मित्र, वय ३६, गाव वाई. त्याची बायको ऊर्जा. दोघेही आमच्याकडे दर आठवड्याला जेवायला असतात. मला मावशी म्हणतात. दोघांशी माझे भांडण नाही, कधी नव्हते.

रविवारी १४ तारखेला उत्कर्ष आणि कपिल डोंगरात सायकली चालवायला ओडेनवाल्डच्या जंगलात जाणार होते. दर रविवारी जातात. ऊर्जा म्हणाली मावशी तुम्हीपण चला, घरात बसून बसून आंबाल. म्हणून गेले. ईप्सिता आणि बाळ घरी होते. सकाळी अकराच्या सुमारास जंगलाच्या तोंडाशी गाडी लावली. तिथे लाकडी टेबल आणि बाक आहेत. ऊर्जा आणि मी तिथे बसलो, ते दोघे सायकली ढकलत वर गेले. जाताना कपिल म्हणाला, मावशी, बसा मागे, तुम्हाला वरून जंगल दाखवतो. त्या सायकलला कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. मी म्हटले आधी सायकल पुरी विकत आण, मग मला बसव. तो हसला. त्याने दारू घेतली होती का असे विचारता. नाही. चहा घेतला होता, माझ्या हातचा.

पाऊण वाजता मी त्यांना जेवायला हाक मारायला वर गेले. फोन लागत नव्हता आणि थालीपिठे गार होत होती. ऊर्जा टेबलापाशीच थांबली. वाट किती रुंद होती, दोन मीटर होती का, हे साहेबांनी दोनदा विचारले आहे, त्याहून अरुंद वाटेवर इथे सायकलला बंदी आहे म्हणे. मी मोजली नाही. समोरून माणूस आला तर एकाला काट्यात उतरावे लागेल, एवढी होती. वाटेत ओंडके आणि माती घालून उंचवटा केलेला होता, उडी मारायला. तो कोणी केला ते मला माहीत नाही. आमच्या दोघा पोरांनी केलेला नाही, त्यांना घरात खिळा ठोकता येत नाही.

मी उंचवट्याच्या खालच्या वळणावर होते. आधी चाकाचा आवाज आला. मग सायकल एकटी खाली आली आणि माझ्यापासून चार हातांवर आडवी झाली. तिचे पुढचे चाक फिरत होते. मी वर पाहिले. कपिल उंचवट्याच्या अलीकडे उताणा पडला होता. डोके उताराकडे, मान एका मुळावर. हेल्मेट डोक्यावर होते. डोळे उघडे होते. मी पोचले तेव्हा त्याने मला ओळखले. मावशी म्हणाला.

आता जे सांगते ते नीट लिहा. त्या वेळी त्याचा उजवा पाय हलत होता. तो उजवी टाच मातीत खाली-वर घासत होता. पाला बाजूला झाला होता आणि मातीत रेघ पडली होती. वीतभर असेल. साहेबांनी आत्ता मला फोटो दाखवले त्यात तिसऱ्या फोटोत ती रेघ आहे. मी बोट ठेवून दाखवली आहे. डावा पाय हलत होता का ते मी पाहिले नाही.

उत्कर्ष मागून सायकलने आला. तो पांढराफटक पडला होता. त्याने फोन काढला, फोनला रेंज नव्हती. वर टेकाडावर रेंज मिळते म्हणून तो पळत वर गेला. जाताना मला म्हणाला, "आई, तू बघ त्याला. तुला कळतं यातलं." त्याने तसे म्हटले म्हणून मी केले असे लिहू नका. तो म्हणाला नसता तरी मी केले असते.

मी कपिलचे हेल्मेट काढले. पट्टा घट्ट होता, दोन्ही हातांनी ओढून काढले. मग म्हटले ऊठ, बस जरा, पाणी पी. तो म्हणाला, नको मावशी. मी त्याच्या डोक्यामागे गेले. तो परत म्हणाला, "नको मावशी, राहू दे. हात नका लावू." मी म्हटले काही होत नाही. तिसऱ्यांदा तो नुसता नको म्हणाला.

साहेब विचारतात की त्याचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले का. आले. समजले का. मराठीत बोलला, समजणार नाही का. मग का उचललेत, असे विचारतात. सांगते.

मी बावीस वर्षे दवाखान्यात पेशंट उठवले आहेत. सिझरची बाई दुसऱ्या दिवशी नको म्हणते. हर्नियाचा म्हातारा नको म्हणतो, शिव्या देतो. डॉक्टर जाता जाता सांगायचे, शोभना, चार नंबरला उठव, चालव. की उठवला. नको म्हणणाऱ्याला उठवायचे हाच माझा पगार होता. बावीस वर्षांत कोणी हो म्हटलेले मला आठवत नाही. आणि कपिल तर घरी ताटावर बसला की हात आडवा धरून नको मावशी, नको मावशी करतो आणि वाढले की सगळे खातो. त्याचे नको मी एकदाही ऐकलेले नव्हते. तिथे मला डॉक्टरने सांगितलेले नव्हते, हे मला आता समजते. तेव्हा ते डोक्यात आले नाही.

मी त्याच्या दोन्ही बगलांत हात घातले, पाठीला गुडघा लावला, एक दोन तीन म्हटले आणि उचलून बसवले. मी एकटीने. त्याचे डोके पुढे पडले. मी ते माझ्या खांद्याला टेकवले आणि बाटलीतले पाणी तोंडाला लावले. पाणी बाहेर आले. तो म्हणाला, "मावशी, माझे पाय सरळ आहेत का?" पाय त्याच्या समोरच होते. मी म्हटले सरळ आहेत.

टाच हलत नव्हती.

मी त्याला परत खाली ठेवला. हेल्मेट परत घालावे असे वाटले, घातले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग उत्कर्ष खाली आला, मग ऊर्जाला कोणीतरी घेऊन आले, मग लाल जाकिटातली माणसे आली. त्यांनी कपिलच्या मानेला पट्टा बांधला. सहा जणांनी मिळून त्याला फळीवर घेतले. त्यातल्या एकाने फक्त डोके धरले होते, दुसरे काही केले नाही. तो आकडे मोजत होता आणि सगळे एकदम उचलत होते. हातभर अंतर होते, त्याला त्यांनी वीस मिनिटे लावली. मी एका झाडाला टेकून उभी होते. मी ते सगळे पाहिले.

नंतर पोलिसबाई आल्या. त्यांनी मला विचारले, उत्कर्षने मराठीत सांगितले, की हा पडल्यावर काय झाले. मी म्हटले मी त्याला उठवून बसवले. उत्कर्षने जर्मनमध्ये सांगितले. बाईंनी लिहून घेतले आणि माझ्या दंडावर हात ठेवला. मला वाटले या देशात अशा वेळी असा हात ठेवत असतील.

बुधवारी १७ तारखेला ऊर्जा घरी आली. कपिलचे ऑपरेशन झाले आहे, त्याला झोपेच्या औषधावर ठेवले आहे, तोंडात नळी आहे, बोलू शकत नाही. कमरेखाली काही हलत नाही असे डॉक्टर म्हणतात. तिने मला वाकून नमस्कार केला. मला म्हणाली, मावशी, तुम्ही एवढं थांबवत होतात तरी हा उठून बसला ना. लहानपणापासून हट्टी. मी रोज त्याच्या कानात विचारते, का उठलास, कोणासाठी उठलास, मावशी नको म्हणत होत्या ना.

तेव्हा मला कळले की रविवारी उत्कर्षने पोलिसबाईंना माझे म्हणून काय सांगितले.

मी ऊर्जासाठी आधण ठेवले. तिला चहा दिला. ती गेल्यावर उत्कर्षला विचारले. त्याने नाकारले नाही. म्हणाला तुझा व्हिसा आहे, माझे इथल्या नागरिकत्वाचे कागद आत आहेत, तुला इथे अटक झाली तर मी काय करू. मी म्हटले कपिल शुद्धीवर आला की सांगेलच. तो म्हणाला त्याला आठवणार नाही कदाचित. मग म्हणाला, "आई, तू खरं सांगितलंस तर त्याचे पाय परत येणार आहेत का?" मी भेंडी चिरत होते. सगळी चिरली. तो वाईट मुलगा नाही. माझ्यासाठी घाबरून खोटे बोलला, स्वतःसाठी नाही. लतिकाबाई म्हणतात हे जबाबात लागत नाही. लागते. लिहा.

गुरुवारी मी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंकडून कागदावर जर्मनमध्ये पोलीस ठाणे आणि मराठी एवढे दोन शब्द लिहून घेतले, पासपोर्ट घेतला आणि बसने इथे आले. इथल्या लोकांनी आज दहाची वेळ दिली. उत्कर्षला मी आज सकाळी सांगितले. तो गाडीने सोडायला आला आहे. बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलवायची गरज नाही.

मला विचारले की तुमच्या उचलण्याने पाय गेले असे तुम्हाला वाटते का. मी डॉक्टर नाही. आधी टाच हलत होती, नंतर हलत नव्हती, मधे मी उचलले. डॉक्टरांना हे आजच्या आज कळवा, ते समजतात की पाय पडल्यापासूनच गेले होते. आणि ऊर्जाला कळवा. मी तिला सांगायला काल तिच्या दारापर्यंत गेले होते. घंटी वाजवली नाही. ती आत त्याचे कपडे धुवत असेल. तुम्ही आधी सांगा, मग मी जाते. तिने कपिलला आणखी एक दिवस रागवू नये.

शिक्षा काय होईल हे मी विचारलेले नाही. साहेब आपणहून सांगू लागले, मी थांबवले.

वरील मजकूर लतिकाबाईंनी मला मोठ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्यांनी एका ठिकाणी 'बसण्यास मदत केली' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. तिथे 'उचलून बसवले' असे घातले आहे आणि खोडल्या जागी माझी सही आहे. मदत त्याने मागितली नव्हती. आता मी सांगितले तसेच लिहिले आहे.

शोभना दिनकर खराडे