दाव्याचा काच

मंडळी, आधी एक प्रश्न. ज्याला स्वतःची शुद्ध नाही, त्याला दुखतं का? बोला की! खांबाला टेकलेले काका डोळे मिटून विचार करतायत, असं मी धरून चालतो.

ऐका तर. सटवाजी म्हणून एक नांगरकरी होता. सरळ तास धरावा तर त्यानंच. तास म्हणजे नांगराची रेघ — शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. बैल तासाबाहेर गेला तरी आसूड उगारायचा नाही. औत थांबवायचा, बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा, "चल माझ्या राजा" म्हणायचा. लेकाला, भानुदासला, हेच शिकवलं.

पुढं सटवाजी म्हातारा झाला. एका श्रावणात ताप डोक्यात गेला. अंथरुणातून उठून धावायचा — "बैल वळवा, बैल वळवा!" दोनदा उंबऱ्यात पडला. मग लेकानं काय केलं? गोठ्यातलं दावं आणलं आणि बापाचे हात खाटेला बांधले.

सून पारू म्हणाली, "अवो, मामंजींना लागंल."

"त्यांना कुठं कळतंय?"

लगेच त्याला नावं ठेवू नका. तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता त्याच्या. दमलेला माणूस असंच करतो, तुम्हीही अन् मीही.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "डिलिरियम आहे."

"म्हंजे वेड का, बाई?"

"वेड नाही. तापानं मन भरकटलंय. शब्द रोमच्या जुन्या भाषेतला. तासाबाहेर गेलेला, एवढाच अर्थ."

भानुदास बापाच्या खाटेपाशी गेला. कुठली ती परकी भाषा, आणि शब्द निघाला नांगरामागूनच!

त्यानं दावं सोडलं. बापाच्या पाठीवर हात ठेवला. "चला दादा. मी हाय."

म्हातारा हळूहळू निवला. संध्याकाळी डोळे उघडले. स्वतःच्या मनगटावरचा लाल वळ बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "भान्या, बैलाला दाव्याचा काच पडलाय रे. कुणी बांधला एवढा आवळून? तेल लाव."

भानुदासनं तेल लावलं. लावता लावता रडला. बांधणारा मीच, हे काही तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशी सटवाजी गेला. सांगायचं राहूनच गेलं.

मग, दुखतं का हो? मला नका सांगू. तुमच्याही घरी आतल्या खोलीत कुणी असेल, भलतंसलतं बोलणारं. आज आरतीला थांबू नका. जा, आधी त्याच्या पाठीवर हात ठेवा. देव थांबेल, त्याला सवय आहे.