वाघमारे साहेबांची फ्रेंच वाईन

वाईनचं नाव काढलं की मले हसूच आवरत नाई. ऊर्जानगरात वीज केंद्राचं नवीन युनिट उभं राहून राह्यलं होतं तवाची गोष्ट. आमचे वाघमारे साहेब पंधरा दिवस फ्रान्सले ट्रेनिंगले काय जाऊन आले, आम्हाले वाईन शिकवू लागले!

एका रविवारी आमच्यासंग काम करणाऱ्या वानखेडेच्या क्वार्टरवर सगळ्यांनी आपापली आवडती बाटली आणली. साहेबांनी एकेक हुंगली अन् नाक मुरडलं. "हे द्राक्षच कच्चं आहे."

मग वानखेडेनं फ्रीजमधून साहेबांनीच भेट दिलेली, अर्धी उरलेली फ्रेंच बाटली काढली. साहेबांनी घोट घेऊन डोळे मिटले. "वा! अस्सल काळं द्राक्ष. अन् ही जेवणानंतरची वाईन आहे, बरं का!"

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात वानखेडेची आई बाहेर आली.

"अरे, माहं द्राक्षासव काऊन पिऊन राह्यले? ती आंबट दारू मी कवाच मोरीत ओतली. बाटली चांगली होती म्हणून वैद्याचं औषध भरून ठेवलं. पोट साफ होत नाई माहं."

सगळे साहेबांकडे पाहू लागलो. साहेबांनी शांतपणे ग्लास संपवला.

"बाई, हे जेवणानंतरच घेता ना?"

"हो, दोन चमचे."

साहेब आमच्याकडे वळले. "पाहा! मी काय म्हटलं होतं?"