तीन नंबरचं बेट

विजयमाला : शून्य? सावलीला शून्य मार्क? अहो, फोटोत माडांची ही एवढी रांग उभी आहे!

राधाकृष्ण : माडाची सावली ती काय सावली? वीतभर पडते आणि सूर्य हलला की पळते. माणसानं दिवसभर तिच्या मागं सरकत बसायचं का? एक नंबरच्या बेटाला वाळूचे सात, बोटीच्या सोयीचे आठ, गोड्या पाण्याचे नऊ. सावली शून्य.

विजयमाला : पोस्टात शिक्के मारून मारून हे असं झालंय. समुद्राचा पेपर तपासणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते.

राधाकृष्ण : अगं, चार दिवस बोटीत ओकत जायचं आणि उतरल्यावर ‘हे नको होतं बाई’ म्हणायचं? एवढी लांब रजा मला परत मिळायची नाही. कान्यानं अंदमानच्या तीन बेटांचे तीन फोटो धाडलेत. त्यातलं एक ठरवून कळवायचं, मग तो तिथली होडी ठरवणार. बोटीवर नोकरीला असलेला मित्र प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

बायडाबाई : हिरीनं तळ दावला, नळावर बाया एकमेकींच्या झिंज्या धरत्यात, आन ह्ये निगाले पानी बघाया. त्ये बी खारं.

विजयमाला : काकू, मी नगरची. जन्मात पाण्याची जागा बघितली ती किल्ल्याचा खंदक, त्यातही पाणी नव्हतं. मला एकदा समुद्र बघू द्या.

बायडाबाई : बघ की. म्या कुठं पदर धरलाय तुझा? म्या आपलं मुळाचं धरण बघितलं, तेवढं बास झालं. माजी चूल हाय त्या पान्याखाली.

राधाकृष्ण : काकू, तुझं झालं सुरू. बरं, दोन नंबर. कान्यानं फोटोच्या मागं लिहिलंय, ‘वाळू पिठासारखी. नारळ स्वस्त. शार्क नाहीत असे सांगतात. सांगणाऱ्यास एक पाय आहे.’

विजयमाला : बाई गं! दोन नंबर बाद.

राधाकृष्ण : बाद कशाला? शार्क या रकान्यात चार मार्क देऊ.

बायडाबाई : तिसरं वाच.

राधाकृष्ण : तिसरं काल वाचलं, काकू. तीनदा वाचलं.

बायडाबाई : मंग चवथ्यांदा वाच. पोस्टातल्या मानसाला वाचाया काय जड जातंय?

विजयमाला : द्या, मी वाचते. ‘नंबर तीन. लहान बेट, वस्ती नाही. किनारा सर्वांत सुंदर. एक माड इतरांपासून वेगळा, पाण्याकडे झुकलेला, बुंध्याशी काळा, जळाल्यासारखा. त्याचे नारळ खलाशी काढत नाहीत, पाण्याला धुराचा वास येतो म्हणतात. त्या माडाखालची वाळू केव्हाही जा, झाडलेली असते. वारा झाडतो म्हणे.’ बघा! वस्ती नाही, गर्दी नाही, आयतं झाडलेलं. माझं मत तीन नंबरला.

राधाकृष्ण : तीन नंबर नको.

विजयमाला : का? स्वच्छतेला काल तुम्हीच दहापैकी दहा दिलेत.

राधाकृष्ण : नको म्हटलं ना. होडी लागत नसेल नीट. गोडं पाणी नसेल.

विजयमाला : हे लिहिलेलं नाही कुठं. अहो, तुम्हाला घाम का फुटलाय? आणि काकू, तुम्ही कपाळ का चोळताय मघापासून?

बायडाबाई : गरम व्हतंय.

विजयमाला : ऑक्टोबरचं ऊन दोघांनाच लागतंय वाटतं. ठेवा मग ते फोटो बांधून. एक, दोन, तीन आणि... हे चौथं काय?

राधाकृष्ण : चौथं नाही. तीनच आहेत. काल मी स्वतः मोजून दोरा बांधलाय.

विजयमाला : मग आज मोजा. फोटो नाही हा, साधं कार्ड आहे. पिवळं पडलंय, तेलकट लागतंय हाताला. अक्षर लागत नाही मला.

राधाकृष्ण : बघू. मोडी आहे. कान्याला कुठलं आलंय मोडी? तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं असेल मजेनं. नंबर चारची शिफारस.

बायडाबाई : वाच. मोठ्यानं.

राधाकृष्ण : वरच्या दोन ओळी तेलानं गेल्यात. खालचं लागतं... ‘जपान्यांचे अमलात टपाल बंद होते, सबब लिहिणे झाले नाही. मी खुशाल आहे. सजा सरली. आता एका लहान बेटावर माडांची राखण करितो. नवल असे जे, गेले आषाढात एक नारळ वाहत येऊन माझे वाळूस लागला. एके अंगाने भाजलेला. त्यास पटक्याचा तुकडा बांधला होता. पटका माझा. किनारीस घरातून घातलेला दोरा मी ओळखिला...’

विजयमाला : थांबलात का?

राधाकृष्ण : हे कार्ड कुणी ठेवलं इथं?

बायडाबाई : फुडं वाच, किस्ना.

राधाकृष्ण : काकू, हे कुणी ठेवलं?

बायडाबाई : सुरू केलंस न्हवं? मंग मदीच तोडू नको. फुडं काय लिव्हलंय?

राधाकृष्ण : ‘नारळ टाकवला नाही. पुरला. त्यास कोंब आला आहे. तरी दादांनी कळवावे, आपले घरी कोणाचे काय झाले? तेरावे कोणाचे होते? उत्तराची वाट पाहतो.’ खाली... खाली आसाराम.

विजयमाला : आसाराम म्हणजे तुमचे काका? काकूंचे...

राधाकृष्ण : तिकीट राजाच्या तोंडाचं. शिक्का सेहेचाळीस सालचा. आणि आडवं लिहिलंय, ‘घेणार नाही.’ हे तर माझ्या वडलांचं, दादांचं अक्षर.

विजयमाला : मला कुणी नीट सांगेल का? काका काळ्या पाण्यावर गेले आणि तिथंच वारले, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं.

बायडाबाई : एवढंच सांगायचं ठरलं हुतं. पाटाच्या पान्याची पाळी हुती, पोरी. दुसऱ्यानं बारं फोडून पानी आपल्या रानात वळवलं, ह्यांनी फावडं मारलं. त्यो मेला, ह्ये बोटीत बसले. म्या अठराची हुते. पयली काही वर्सं कागद यायचा, मंग लढाई आली, कागद थांबला. बारा वर्सं भरली तशी भावकी म्हनली, बारा वर्सांत मानूस दिसला न्हाई तर त्यो मेला धरायचा. पुतळा जाळायचा.

विजयमाला : कसला पुतळा?

बायडाबाई : पळसाच्या देठांचा. देठांची हाडं, आन डोक्याच्या जागी नारळ. त्यांचा जुना पटका माज्यापाशी हुता, म्याच त्याचा तुकडा नारळाला गुंडाळला. डोकं उघडं जाया नगं म्हून. आमाला लेक न्हाई, तवा ह्या किस्नानं अग्नी दिला. दहा वर्सांचा हुता. तिकडं पुतळा पेटला, हिकडं बायांनी माजं कुंकू पुसलं. अठ्ठावीस वर्सं झाली.

विजयमाला : आणि हे पत्र त्यानंतर दोन वर्षांनी आलं! काका जिवंत होते!

राधाकृष्ण : दिवस घातलेल्या माणसाचं पत्र घरात घ्यायचं नसतं. दादा तेच म्हणाले. घेतलं म्हणजे त्याला आत घेतल्यासारखं. त्यांनी भीमा पोस्टमनचा टाक मागून घेतला आणि उंबऱ्यातच नकार लिहिला. मी दारात होतो. पण नकाराचं कार्ड पाठवणाऱ्याकडं परत जातं. नियम आहे तसा. हे इथं कसं?

बायडाबाई : भीमाला कुठला नेम? हिरीवर माज्या घागरीपाशी टाकलं आन सायकल मारीत गेला. मागं वळून बघितलं न्हाई त्यानं. तेलाच्या डब्याखाली ठिवलं म्या. धरनापायी गाव उठलं तवा चूल सोडली, पर डबा आनला.

विजयमाला : सव्वीस वर्षं! कुणाकडून वाचून नाही घेतलं?

बायडाबाई : कुनाकडून घिऊ? सासू म्हनायची, असला कागद जो वाचील त्याच्या दारात त्यो यून हुबा ऱ्हातो. ज्यानं अग्नी दिला त्यालाच फकस्त चालतं. आन अग्नी देनारा मोठा हुन पोस्टात लागला. खात्याचा मानूस नकाराचा कागद वाचतो व्हय? काल त्या काळ्या माडाचं ऐकलं, मंग म्हनलं, आता ह्या फोटुंमदी सरकवावं. मार्क द्यायच्या नादात वाचून जाईल.

राधाकृष्ण : गंडवलंस मला.

बायडाबाई : तू न्हाई गंडवलंस? नारळ फुटल्याबिगर मानूस सुटत न्हाई. फुटला का रं तवा?

राधाकृष्ण : फुटला.

बायडाबाई : किस्ना.

राधाकृष्ण : फुटला म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं ना मी. आवाज झाला होता.

बायडाबाई : त्यो आवाज म्याबी ऐकला. वल्ली लाकडं फुटत हुती. बायांनी मला घराकडं न्हेलं, तिथनं म्या सुटून परत आले. बाभळीमागं हुते. मानसं पाठ करून निगाली, तू मागं ऱ्हायलास.

विजयमाला : अहो, काय केलंत तुम्ही?

राधाकृष्ण : सगळे पुढं गेले होते. नारळ सरणावरून सुटला आणि घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. एक बाजू काळी. पटक्याचं टोक धुमसत होतं. आणि त्याला ते तीन डोळे असतात ना, ते माझ्याकडं. उचलून परत आगीत टाकायला हवा होता. हात धजला नाही. काठीनं ढकलला मुळेत. पूर होता, गेला वाहत. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर सगळे विधी परत करावे लागले असते.

विजयमाला : मुळा नेवाशाकडं प्रवरेला मिळते.

राधाकृष्ण : हं.

विजयमाला : प्रवरा टोक्याला गोदावरीत जाते.

राधाकृष्ण : ठाऊक आहे मला.

विजयमाला : आणि गोदावरी ज्या समुद्राला मिळते, अंदमान कुठल्या समुद्रात आहे हो?

राधाकृष्ण : शाळेच्या नकाशात जिथं होतं तिथंच आहे. उगीच धागे जोडू नकोस, विजू. भाजलेला नारळ रुजत नाही. कुणालाही विचार.

बायडाबाई : आन पुतळा जाळून मानूस मरतो व्हय?



विजयमाला : काकू, तुम्हाला वाटतं... म्हणजे आज ते सत्तरीचे तरी असतील.

राधाकृष्ण : बेटावर वस्ती नाही, कान्यानं स्पष्ट लिहिलंय. खलाशी जातात, त्यांना कुणी दिसलं असतं. काकू, उगीच जिवाला लावून घेऊ नकोस. काका जिवंत असणार नाहीत.

बायडाबाई : म्या कुठं म्हनलं, जित्तं हायेत म्हून?

विजयमाला : मग... मग ती वाळू कोण झाडतं?

बायडाबाई : पावना यायचा असला की आंगन त्येच झाडायचे. मला झाडू द्यायचे न्हाईत. तुज्या हातानं कचरा कोपऱ्यात ऱ्हातो म्हनायचे.

राधाकृष्ण : काकू, बास.

बायडाबाई : बास कसं? तू लिव्हलंस न्हवं त्या रकान्यात, दहापैकी दहा.

विजयमाला : तो फोटो इकडं द्या बरं. अहो, त्या काळ्या बुंध्यापाशी हे काय बांधलंय? काल मला वाटलं, फोटोवर डाग पडलाय.

राधाकृष्ण : डागच आहे.

विजयमाला : डागाला गाठ असते?

राधाकृष्ण : ... माझं पेन कुठं गेलं?

विजयमाला : खिशाला आहे. काय करताय?

राधाकृष्ण : कान्याला कळवतो. उद्याच्या टपालात गेलं पाहिजे. तीन नंबर.

विजयमाला : मला समुद्र बघायचा होता हो. नुसता समुद्र. आता भीती वाटते.

राधाकृष्ण : मला दहाव्या वर्षापासून वाटते. तू नको येऊस हवं तर.

विजयमाला : येते. तुम्ही एकटे गेलात तर परत काहीतरी पाण्यात ढकलून याल आणि फुटलं म्हणून सांगाल.

बायडाबाई : ह्ये बेस बोललीस. आन किस्ना, एक कागद लिव्हतोयस तसा दुसरा बी लिव्ह. त्यांनी इचारल्याचं उत्तर. सव्वीस वर्सं थांबल्यात.

राधाकृष्ण : त्याला पत्ता काय घालू, काकू?

बायडाबाई : पत्ता कशाला? तू संगं न्हेनार. माडाखाली ठिव.

राधाकृष्ण : आणि लिहू काय? तेरावं कुणाचं होतं म्हणून विचारलंय त्यांनी.

बायडाबाई : लिव्ह, कुनाचंबी न्हवतं.

राधाकृष्ण : एवढंच?

बायडाबाई : एवढंच. ... विजे, तुजा कुंकवाचा करंडा कुठं ठिवलायस गं?