साहेबांचा दात

मानसोपचाराच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. बोलणं कुजबुजतच चाललं होतं, पण बाक एकच होता.

“मावशी, गोळ्या कशाच्या चालू आहेत ते साहेबांना सांगून टाकू का?”

“आजवर काय सांगत आलीस?”

“दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून.”

“दर आठवड्याला? अगं, इतके दात मगरीलाही नसतात!”

“म्हणून तर! ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मला कवळी आहे. बिस्कीटसुद्धा चहात बुडवून देतात.”

“मग सांगून मोकळी हो.”

“आणि बढती हुकली म्हणजे? त्यात साहेबांचाच दात ठणकायला लागला. म्हणाले, तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे.”

“दिलास?”

“गडबडीत इथलाच दिला.”

“कपाळ माझं! आणि ते आले?”

“आले ना! डॉक्टरांनी तासभर बसवून घेतलं म्हणे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, दात अजून दुखतोय, पण रात्री झोप मस्त लागली.”

“म्हणजे त्यांना कळलंय.”

“कळलंय की नाही, तेच तर कळत नाही!”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. गालावर हात धरलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि भाचीला पाहून जागीच थबकले.

“साहेब, दात कसा आहे?”

“हळू बोल गं! ऑफिसात कुणाला सांगू नकोस.”

“कुणी विचारलं तर काय सांगू?”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

“तू तुझं काय सांगतेस?”

“दात.”

“मग माझाही दातच सांग.”