कीबोर्डवरचे तीन थेंब

वेल्डर : आता दुसरी काच फोडू, की आधी बोलतोस?

दुरुस्तीवाला : बोलतो. मात्र पाऊल जपून टाका. आपण चपला घालून आला आहात आणि खाली सगळीकडे काचा आहेत.

वेल्डर : माझ्या पायांची काळजी सोड, म्हाताऱ्या. स्वतःच्या टाळक्याची कर. माझी बहीण आली होती ना या दुकानात? भुवईवर टाक्याची जुनी खूण, हातात बटणांचा फोन?

दुरुस्तीवाला : आल्या होत्या. एकवीस दिवस झाले. फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं.

वेल्डर : आणि तू तिला म्हणालास, फेकून द्या.

दुरुस्तीवाला : ‘फेकून द्या’ असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, हा फोन आता वापरण्याच्या लायकीचा उरलेला नाही. या दोन विधानांत फरक आहे.

वेल्डर : फरक? हा घे फरक!

दुरुस्तीवाला : ...दात शाबूत आहेत. ओठ फाटला. क्षणभर थांबा, रक्त भिंगावर ठिबकतंय, तेवढं बाजूला ठेवू द्या. हं. आता विचारा.

वेल्डर : भिंग सांभाळतोय! तिकडे तिचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी आवळून बांधलाय. तीन बरगड्या गेल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. स्टुलाने मारलं तिला, लाकडी स्टुलाने. त्याचा पाय निखळेपर्यंत मारलं, मग त्या निखळलेल्या पायाने मारलं. शेजारीण म्हणते, तिला वाटलं कुणीतरी गादी झोडपतंय.

दुरुस्तीवाला : नवऱ्याने?

वेल्डर : नाही, पोस्टमनने! नवऱ्यानेच ना रे. पहिल्यांदा नाही मारलं त्याने. पण आधी मला कळायचं. तो अंगावर यायला लागला की ही ॲप्रनच्या खिशात हात घालायची. डोळे त्याच्याकडे, बोटं खिशात. मला दोन शब्द यायचे, ‘दादा ये’. की मी मोटारसायकलला किक मारलीच. चौदा मिनिटांत दारात. मला बघितलं की त्याचा हात आपोआप खाली. दोन वर्षांत अकरा वेळा. एकदा तर तिचं डोकं त्याने भिंतीला दाबून धरलं होतं, तरीही एक अक्षर चुकलं नाही.

दुरुस्तीवाला : खिशात हात घालून. न बघता.

वेल्डर : आणि या खेपेला काय आलं? हे बघ. वाच ना! मोठ्याने वाच!

दुरुस्तीवाला : वाचता येत नाही. ही नुसती अक्षरं आहेत. यांत शब्द नाही.

वेल्डर : मी पाण्याच्या टाकीवर होतो, साठ फुटांवर, कमरेला दोर. मुखवटा वर केला, हे बघितलं आणि हसलो. हसलो मी! मी काय उत्तर पाठवलं तेही खाली आहे. ते वाच. ते तरी येतं ना वाचता?

दुरुस्तीवाला : ‘मांजर चाललं का गं फोनवरून?’

वेल्डर : पाठवलं आणि पुढचा सांधा मारला. खाली उतरून चहा प्यालो. दीड तासाने शेजारणीचा फोन.

दुरुस्तीवाला : तो त्यांच्या नव्या फोनच्या काचेचा दोष आहे. बटणाला कडा असते, उंचवटा असतो, बोटाला आपण कुठे आहोत ते कळतं. काच सगळीकडे सारखीच. तिच्यावर लिहायचं तर डोळे द्यावे लागतात, आणि त्यांचे डोळे त्या वेळी मोकळे नव्हते.

वेल्डर : हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं?

दुरुस्तीवाला : ठाऊक होतं. परंतु सल्ला विचाराल, तर तो चूक नव्हता असंच मी आजही म्हणेन. त्या फोनच्या बॅटऱ्या बनणं सहा वर्षांपूर्वी थांबलं. निम्मी ॲप त्यात उघडत नाहीत. बँक त्याला ओळख देत नाही. त्यात कुणी शिरलं तर अडवायला कंपनी आता काही पाठवत नाही. कुणाही जाणत्या माणसाला विचारा...

वेल्डर : मी तुला विचारतोय! ती काय म्हणाली होती?

दुरुस्तीवाला : त्या म्हणाल्या, मला हाच दुरुस्त करून द्या, यावर मला न बघता लिहिता येतं.

वेल्डर : कितीदा म्हणाली?

दुरुस्तीवाला : तीनदा.

वेल्डर : आणि तू?

दुरुस्तीवाला : मी म्हणालो, काचेचीही सवय होईल. काचेचा नवा फोन दिला, जुना इथेच राहिला.

वेल्डर : सवय! तिला माराची सवय झाली होती, ती कमी पडत होती का रे... काय वाजतंय? खिशात काय वाजतंय तुझ्या?

दुरुस्तीवाला : एखादं गिऱ्हाईक असेल. राहू द्या.

वेल्डर : काढ बाहेर. काढ म्हणतो ना! ...हे काय?

दुरुस्तीवाला : फोन.

वेल्डर : बटणांचा. तोच. लोकांना सांगायचं लायकीचा नाही, आणि स्वतः खिशात घेऊन हिंडतोस?

दुरुस्तीवाला : मी कारागीर आहे. मोडला तर मला उघडता येतो. मला परवडतं...

वेल्डर : माझ्या डोळ्यांत बघून बोल. घाम का फुटलाय तुला? काच फोडली तेव्हा नव्हता. थोबाड फोडलं तेव्हाही नव्हता.

दुरुस्तीवाला : ...हा फोन माझा आहे. यातला कीबोर्ड आपल्या भगिनींचा आहे.

वेल्डर : काय?

दुरुस्तीवाला : माझ्या फोनची चार बटणं बसली होती. वर्षभर मी सुटा कीबोर्ड शोधत होतो, कुठेही मिळेना. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि माझी नजर सर्वांत आधी त्या बटणांवर गेली. एकही झिजलेलं नव्हतं. बॅटरी, बँक, ॲप, मी जे जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण ते सगळं मी सांगितलं ते या बटणांसाठी. हे मी आजवर स्वतःशीही बोललो नव्हतो.

वेल्डर : हात ठेव टेबलावर.

दुरुस्तीवाला : ऐकून घ्या...

वेल्डर : फोन धरलेला हातच ठेव. धर नीट. हलवलास तर हा गज डोक्यात घालीन.

दुरुस्तीवाला : आई गं! ...आई. आई गं...

वेल्डर : ओरड! तिला तर ओरडताही येत नाहीये, जबडा बांधलाय तिचा!

दुरुस्तीवाला : ...दोन बोटं मोडली. आणि फोनचा स्क्रीन गेला. बटणं... बटणं वाचली आहेत.

वेल्डर : बस कुरवाळत. तुझा हिशेब झाला. आता त्याचा. गुडघ्यांपासून सुरुवात करतो.

दुरुस्तीवाला : कुठे आहे तो?

वेल्डर : कुठे असणार? तिच्या उशाशी! चमच्याने पाणी पाजतोय. डॉक्टरला म्हणाला, जिन्यावरून पडली. पोलीसबाई दोनदा येऊन गेल्या. दर वेळी विचारतात तिला, उत्तर देतो हा. पट्टी बदलताना नर्स त्याला पडद्याबाहेर काढते, पण पडद्याखालून त्याचे बूट दिसत राहतात. ते बूट दिसले की ही डोळे मिटून घेते. मी त्याची गचांडी धरली, तर वॉचमनने मलाच फाटकाबाहेर काढलं.

दुरुस्तीवाला : गज घेऊन आत शिरलात तर काय होईल, याचा विचार केलात का? तो पडेल, हे मान्य. आपण तुरुंगात जाल. आणि त्या पुन्हा जिन्यावरूनच पडलेल्या ठरतील. कारण दुसरं सांगणारं कुणीच उरणार नाही.

वेल्डर : तुझी वकिली नकोय मला. तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि मला ते कळलंसुद्धा नाही. दुसरं काय करू मी?

दुरुस्तीवाला : मागितलं? तोंड बांधलेलं असताना?

वेल्डर : मला बाहेर काढण्याआधी. डावा हात चादरीखाली होता, माझा तळवा आत ओढला तिने आणि बोटाने काहीतरी काढलं. एक चौकोन. त्यात आडव्या रेघा.

दुरुस्तीवाला : किती रेघा?

वेल्डर : तीन. आणि प्रत्येक रेघेवर मधोमध टोचलं. नखाने. असं. मला वाटलं, घर काढतेय. खिडक्या.

दुरुस्तीवाला : घर नव्हे ते. तीन ओळी बटणांच्या, प्रत्येक ओळीच्या मधल्या बटणावर एक थेंब. लाल नेलपेंटचा, वाळलेला. बोटाला मध्य सापडावा म्हणून त्यांनी स्वतः लावले असणार. मला ती घाण वाटली. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी ते तिन्ही काढून टाकले.

वेल्डर : म्हणजे ती...

दुरुस्तीवाला : फोन मागते आहे. चादरीखाली एका अंगठ्याने लिहिता येईल असा. तो शेजारी बसलेला असताना, त्याच्याकडे बघत बघत.

वेल्डर : दे. दे इकडे.

दुरुस्तीवाला : याचा स्क्रीन आपण आत्ताच फोडलात. पण त्यांच्या फोनचा सांगाडा स्क्रीनसकट खणात आहे, तो टाकलेला नाही. बॅटरी माझी चालेल, सिमही माझंच राहू द्या. आपला नंबर त्यांच्या फोनच्या मेमरीत अजून आहे. फक्त कीबोर्ड यातून काढून त्यात बसवायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

वेल्डर : मग कर ना!

दुरुस्तीवाला : कशाने करू? हा हात बघा. आता आपल्यालाच करावं लागेल.

वेल्डर : मी लोखंड जोडतो रे, फूटफूट जाडीचं. हे असलं...

दुरुस्तीवाला : हात एकदा दिव्याखाली धरा. ...मूठ अजून आवळलेली आहे. गज खाली ठेवा. या हातात एक तर गज राहील, नाही तर चिमटा. ...ठीक. आता त्या दोन बारीक स्क्रूंपासून सुरुवात करा. डावीकडे फिरवा. घाई नको.

वेल्डर : निघाले.

दुरुस्तीवाला : खाली कागदासारखी पातळ पट्टी दिसेल, कीबोर्डला जोडलेली. तिच्या टोकाशी काळं कुलूप आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. ते नखाने वर उचला. पट्टी ओढू नका. ती फाटली तर जगात दुसरी नाही.

वेल्डर : उचललं. ...सुटली. तुझं रक्त पडतंय यावर, हात बाजूला घे.

दुरुस्तीवाला : घेतला.

वेल्डर : फडकं बांध त्याला. तिथे पडलंय बघ.

दुरुस्तीवाला : आधी पट्टी. त्या सांगाड्यात सरळ सरकवा. तिरपी नको. टाकीचा सांधा लावताना आपण श्वास रोखता ना? तसा रोखा.

वेल्डर : ...बसली.

दुरुस्तीवाला : कुलूप खाली दाबा. बॅटरी घाला. सिम. आता डावीकडचं लाल बटण दाबून धरा.

वेल्डर : लागला. लागला रे!

दुरुस्तीवाला : अजून संपलं नाही. त्या बाटलीत घट्ट गोंद आहे. सुईचं टोक बुडवा आणि प्रत्येक ओळीच्या मधल्या बटणावर एकेक थेंब ठेवा. बारीक हवा, अंगठ्याला लागेल इतपत. तिन्ही थेंब आपल्याच हातचे असू द्यात. मला तो अधिकार राहिलेला नाही.

वेल्डर : आत कोण नेणार? मला फाटकातून सोडत नाहीत.

दुरुस्तीवाला : ती नर्स. पट्टी बदलायला कधी जाते?

वेल्डर : चार वाजता. मला जिन्यात म्हणाली होती, ही पडलेली नाही हे मला कळतं, पण ती सांगत नाही तोवर माझे हात बांधलेले आहेत.

दुरुस्तीवाला : तर मग आपल्याला फक्त फाटकापर्यंत जायचं आहे. मोटारसायकल आहे ना? मी मागे बसतो. बोटांनाही तिथेच पट्टी मिळेल.

(सव्वाचार. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या बाकावर.)

वेल्डर : नर्सने घेऊन पंधरा मिनिटं झाली. त्याने बघितला असेल.

दुरुस्तीवाला : आवाज मी बंद केला आहे. उजेडही.

वेल्डर : गोंद वाळला नसेल. अंगठ्याला चिकटला असेल. गज आणायला हवा होता मी.

दुरुस्तीवाला : गज माझ्या काउंटरखाली आहे. पोलीसबाईंना कळवलंत?

वेल्डर : चौकीतून निघाल्यात. पण म्हणाल्या, तिचा एक शब्द तरी हवा. नाहीतर त्याला उशाशी बसायचा हक्क... थांब. थांब. आला. तुझ्या नंबरवरून आलाय.

दुरुस्तीवाला : वाचता येतो?

वेल्डर : ‘जिन्यावरून पडले नाही. त्याने स्टुलाने मारलं. स्टूल कोळशाच्या खोलीत लपवलंय. पोलिसांना आत आण, आधी त्याला बाहेर काढा, मग मी लिहून देते सगळं.’

दुरुस्तीवाला : एकही अक्षर...

वेल्डर : एकही चुकलं नाही. त्या बघ, पोलीसबाईंची गाडी फाटकात वळली. हा फोन त्यांच्या हातात देतो. चल, ऊठ... थांब. अजून एक आलाय.

दुरुस्तीवाला : काय म्हणतात?

वेल्डर : ‘आणि दादा, ते मांजर नव्हतं.’

दुरुस्तीवाला : उत्तर द्या त्यांना.

वेल्डर : मला दिसत नाहीये नीट. तुम्ही लिहा.

दुरुस्तीवाला : नको. तुम्हीच लिहा. चुकलं तरी त्यांना कळेल.